काय उजेड पाडला!

रस्त्यांवरचे खांब पेटोत न पेटोत, महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरचा अंधार आता संपल्यात जमा आहे. नगरपालिकेने खांब उभे केले आणि त्यावर दिवे लावायचे तेवढे राहिले, म्हणून काय बिघडलं? प्रजा स्वावलंबी आहे. प्रत्येक गाडी आपापला सूर्य सोबत घेऊनच घराबाहेर पडते. पुणे-नाशिक घ्या, सांगली-कोल्हापूर घ्या, नाहीतर कोकणात उतरणारा कुठलाही घाट घ्या. रात्री नऊनंतर तिथे काही दिसत नाही हे खरंच आहे, पण त्याचा दोष अंधाराला देता येणार नाही.

या प्रकाशपर्वात सगळ्यात केविलवाणा प्राणी म्हणजे जुन्या गाडीचा मालक. वीस वर्षांपूर्वी घेतलेली त्याची मारुती 800, झेन किंवा सँट्रो अजून एका स्टार्टरमध्ये उठते, ॲव्हरेज देते, कुठल्याही बोळात मावते. दिवे मात्र संध्याकाळी लावले की ते लागले आहेत हे खाली उतरून, समोर जाऊन बघावं लागतं. अशा गाडीमागे रात्री एखादी उंच एसयूव्ही लागते. तिचे दिवे बरोबर याच्या आरशाच्या उंचीला. गाडीच्या आत इतका लख्ख उजेड पडतो की मागच्या सीटवर बसून पेपर वाचावा, आणि पुढचा रस्ता मात्र काळाकुट्ट. त्या रात्री मालक प्रतिज्ञा करतो, की आता आपणही दिवे बदलायचे. घरी सांगताना तो 'रस्ता दिसत नाही' असं कारण देतो. मनातलं कारण वेगळं असतं. इतकी वर्षं सगळ्यांनी आपले डोळे दिपवले, आता आपली पाळी!

मग स्वारी नाना पेठेत येऊन दाखल होते. मुंबईची असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. या बाजारात 'तुम्हाला किती लांबचं बघायचंय' असं कोणी विचारत नाही. 'किती केल्विन देऊ?' असं विचारतात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप आहे, उजेड किती ते त्यावरून कळत नाही. साध्या हॅलोजनचा पिवळसर उजेड 3200 केल्विनच्या आसपास असतो आणि आकडा वाढत जाईल तसा उजेड पांढरा, मग निळा होत जातो. पण आकडा मोठा म्हणजे माल भारी, हे आपलं जुनं अर्थशास्त्र. त्यामुळे 4300 वाल्याकडे दुकानदार दयेने बघतो, 6500 वाल्याला खुर्ची देतो आणि 8000 वाल्याला चहा सांगतो.

"साहेब, हा एलईडी घ्या. वीस हजार ल्युमेन! प्लग अँड प्ले, वायर कापायची भानगड नाही."

"आणि समोरच्याला त्रास?"

"समोरचा घाबरून आधीच डिप्पर मारतो ना साहेब! तीच तर आमची गॅरंटी."

आता थोडा हिशोब. या गाड्यांमध्ये बहुतेक एच-4 नावाचा बल्ब असतो, 60/55 वॅटचा. म्हणजे अप्परला 60, डिप्परला 55. त्याचा ठरलेला उजेड अप्परला 1650 ल्युमेन आणि डिप्परला 1000. कंपन्यांचे इंजिनिअर वर्षानुवर्षं एवढ्याच उजेडात रात्रीचा रस्ता बघता येईल असे दिवे आखत आले. त्यांना बिचाऱ्यांना कल्पना नव्हती, की पुढे खोक्यावर वीस हजार छापणं हे वीस हजार निर्माण करण्यापेक्षा फार स्वस्त पडणार आहे.

त्या एच-4 बल्बच्या पोटात दोन तारा असतात. डिप्परच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती वाटी तारेचा अर्धा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्याच्या डोळ्यांची सगळी काळजी त्या वाटीवर आणि तारेच्या नेमक्या जागेवर सोपवलेली आहे. तार मिलिमीटरभर जरी हलली तरी पुढे रस्त्यावरचं सगळं गणित फिरतं. पन्नास वर्षांहून जुनी, कोणाला न दिसणारी, अत्यंत सभ्य अशी ही व्यवस्था आहे. आपण काय करतो? ती उपटून काढतो आणि तिथे एलईडीच्या चिप चिकटवलेली पट्टी खुपसतो. चिपचा आकार वेगळा, जाडी वेगळी, जागा वेगळी. रिफ्लेक्टरला कळत नाही हे कोण पाहुणे आलेत. तो मिळेल तो उजेड मिळेल त्या दिशेला फेकतो. झाडाच्या शेंड्यावरचं वटवाघूळ दिसतं, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतले कपडे दिसतात, समोरच्या ड्रायव्हरचा चेहरा, त्यावरचे भाव आणि हलणारे ओठसुद्धा दिसतात. खड्डा तेवढा दिसत नाही. मात्र गाडीच्या नाकाखालचा दहा फूट रस्ता असा झगमगतो, की मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

एलईडीचा यात काही गुन्हा नाही. नव्या गाड्यांमध्ये एलईडीसाठीच आखलेले दिवे असतात, त्यांच्या भिंगापासून कोनापर्यंत सगळं त्याच हिशोबाने केलेलं असतं. गुन्हा आहे तो एकाच्या घरात दुसऱ्याला घुसवण्याचा.

दुसरा पंथ परंपरावाद्यांचा. त्यांना एलईडीचं थेर नको. हॅलोजनच, पण 100/90 वॅटचा. या पंथाचा वायरिंगवर विश्वास नसतो, कारण वायरिंग ही दिसणारी गोष्ट नाही. साधे दोन एच-4 अप्परला मिळून 120 वॅट घेतात, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपियर. 100 वॅटचे दोन लावले की तोच प्रवाह 16-17 अँपियरवर जातो. वायर तीच, स्विच तोच, होल्डरही तोच वीस वर्षांपूर्वीचा. घाट चढेपर्यंत सगळं झकास असतं. मग डॅशबोर्डातून वास येऊ लागतो. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा काळवंडतो आणि मालक 'हल्ली प्लास्टिकचा दर्जाच राहिला नाही' असा निष्कर्ष काढतो.

यातली खरी गंमत गल्लीतला कुठलाही जुना वायरमन सांगेल, पण त्याला विचारतो कोण? अनेक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून निघून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत येतो आणि तिथून परत दिव्यापर्यंत जातो. एवढ्या वळशात, जुन्या तारा आणि गंजलेले अर्थिंग ओलांडताना दाब गळतो. हॅलोजनचा स्वभाव असा, की दाब 10 टक्के घटला तर उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. म्हणजे बल्ब धडधाकट, पण उपाशी. त्यावर इलाज दोन रिले, बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज आणि घासून स्वच्छ केलेलं अर्थिंग. हजार-दीड हजारात काम होतं आणि 60/55 चाच बल्ब नव्यासारखा जळायला लागतो. पण या इलाजात दाखवण्यासारखं काही नाही. पार्किंगमध्ये चार लोकांना बोलावून 'बघा, रिले बसवले' असं सांगता येत नाही. म्हणून तो लोकप्रिय नाही.

कायदा काय म्हणतो? कायदा भरपूर म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की गाडीत कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळा बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम 182-अ मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही देऊ करतं. दोन हेडलाइट म्हणजे एक बदल की दोन, हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर प्रलंबित आहे.

पण कायद्यातला सगळ्यात हृद्य भाग आहे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 106. हा नियम सांगतो, की पुढच्या दिव्याचा झोत कायम इतका खाली वळलेला असावा, की एका माणसाचे डोळे त्याने दिपता कामा नयेत. कोण हा माणूस? तो दिव्यापासून 8 मीटर पुढे उभा आहे, दिव्याच्या अर्धा मीटर उजवीकडे आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहेत. आमच्या मते संपूर्ण भारतीय विधिसाहित्यात इतकं सहनशील पात्र दुसरं नाही. 1989 पासून तो तिथे उभा आहे. त्याच्या अंगावर झेनॉन आले, 100/90 आले, बंपरवरचे लाइटबार आले, एलईडी आले. तो कोर्टात गेला नाही, त्याने मोर्चा काढला नाही. कदाचित त्याला दरवाजा सापडत नसेल.

पूर्वी त्याची काळजी घेणारी एक राष्ट्रीय योजना होती, काळा ठिपका. हेडलाइटच्या काचेवर मधोमध काळ्या रंगाचा टिळा किंवा वरच्या भागाला काळी पट्टी. रस्ता सुरक्षा सप्ताहात पोलीस आणि आरटीओवाले स्वतः नाक्यावर उभं राहून गाड्या थांबवत आणि ते काळं लावून देत. बाळाला तीट लावतात तशीच ही, फरक इतकाच की बाळाची तीट बाळाला दृष्ट लागू नये म्हणून असते आणि ही दुसऱ्याची दृष्टी जाऊ नये म्हणून होती. शास्त्रीयदृष्ट्या तिचा उपयोग बेताचाच. पण समोरून येणाऱ्यालाही डोळे असतात, ही कल्पना तरी तिच्यामुळे लोकांपर्यंत पोहोचत होती. आता गाड्यांचे दिवे इतके देखणे झाले, की त्यांना काळं फासायला पोलिसांचाही हात धजत नाही.

सध्या हे खातं कण्हेरीकडे आहे. महामार्गाच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात, त्यामागे पलीकडच्या गाड्यांचा झोत अडावा हाही एक हेतू असतो. कण्हेर विषारी, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी फार मागत नाही, पगार तर अजिबात मागत नाही. रात्रीच्या वाहतूक नियमनाचा एवढा भार वाहणारा कर्मचारी शासनाकडे दुसरा नाही. प्रश्न उरतो तो दुभाजक नसलेल्या रस्त्यांचा, म्हणजे जवळजवळ सगळ्या रस्त्यांचा.

आपल्याकडे गाडीचं सगळं तपासतात. धुराला पीयूसी आहे. काचांवरची काळी फिल्म 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने उतरवली. जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायला सरकारने मुदतीवर मुदती दिल्या. उजेडाला मात्र पीयूसी नाही. खासगी गाडी तपासणीसाठी आरटीओत पुन्हा जाते ती पंधरा वर्षांनी, नोंदणी नव्याने करायच्या वेळी, आणि मग दर पाच वर्षांनी. त्या सकाळी माळ्यावरचे मूळ बल्ब खाली उतरतात, संध्याकाळी पुन्हा माळ्यावर जातात. म्हणून आमची नम्र सूचना आहे. प्रत्येक पीयूसी केंद्रासमोर एक पांढरी भिंत बांधावी. गाडी दहा मीटरवर उभी करावी, डिप्पर लावावा. झोताची वरची कड भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडली तर प्रमाणपत्र द्यावं. कड छपरावर गेली तर मालकाला भिंतीजवळ, त्याच झोतात उभं करावं आणि बाकीच्या गाड्यांची तपासणी होईपर्यंत हलू देऊ नये. त्याने डिजिटल महाराष्ट्राच्या प्रगतीत काही खंड पडणार नाही.

ती भिंत सरकार बांधेपर्यंत सोसायटीच्या कंपाउंडची भिंत चालेल. जुनी गाडी असेल तर आधी पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घ्या; टूथपेस्ट दातांसाठी ठेवा, ती काचेवर महिनाभरसुद्धा टिकत नाही. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर पूर्ण दिवाच बदला. रिले बसवा. 60/55 चा चांगल्या कंपनीचा बल्ब दोन्ही बाजूंना एकदमच टाका. दिव्यामागचे स्क्रू फिरवून झोत भिंतीवर बरोबर लावून घ्या, आणि डिकीत लग्नाचं सामान भरलं असेल तर नाक वर गेलेल्या गाडीचा झोतही वर गेलाय हे लक्षात ठेवा. एवढं करूनही रस्ता पुरेसा दिसत नसेल तर वेग कमी करा. तो उपाय फुकट आहे, म्हणून कुठल्याच दुकानात मिळत नाही. आणि समोरून गाडी आली की डिप्पर मारा. तो मारतो का याची वाट बघू नका, आधी तुम्ही मारा.