मा. वाहनचोर महोदयांस अनावृत पत्र

प्रति,
मा. वाहनचोर महोदय,
मुक्काम पोस्ट : रोज निराळे.

विषय : आपल्या कामातील अडथळा आम्ही स्वखर्चाने दूर केल्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून हिंगोली जिल्ह्यातील समस्त रिमोटप्रेमी कारमालकांतर्फे आपणास कळविण्यात येते की, इमोबिलायझर नावाच्या ज्या खाष्ट यंत्रणेने आपल्या धंद्याची कोंडी केली होती, तिचा बंदोबस्त आम्ही केला आहे.

आपले पूर्वीचे दिवस आम्हाला ठाऊक आहेत. काच सरकवायची, स्टिअरिंगखालच्या दोन वायरी सोलून एकमेकींना लावायच्या, की गाडी नांदेडच्या रस्त्याला. मग कंपन्यांना दुर्बुद्धी सुचली. किल्लीच्या डोक्यात त्यांनी चिप बसवली आणि इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचे एक वेटोळे. किल्ली आत गेली की चिप आपला सांकेतिक नंबर सांगते. तो इंजिनच्या कॉम्प्युटरला पटला तरच इंजिन चालू राहते. वायरी कितीही जोडा, सेल फिरेल, गाडी चालू होणार नाही. ब्रिटनने ऑक्टोबर 1998पासून प्रत्येक नव्या कारला हे सक्तीचे केले. नेदरलँड्समध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला, तर या यंत्रणेमुळे कारचोऱ्या सरासरी 40 टक्क्यांनी घटल्याचे निघाले. केवढा हा रोजगारावर घाला!

अमेरिकेत मात्र आपल्या व्यवसायबंधूंना चांगले दिवस आले होते. तिथे किया आणि ह्युंदाई यांनी कित्येक मॉडेलांत इमोबिलायझर घातलाच नव्हता. शाळकरी पोरे यूएसबी केबलचे टोक खुपसून गाड्या पळवू लागली आणि त्याचे व्हिडिओ टाकू लागली. शेवटी 2023मध्ये कंपन्यांना सुमारे 83 लाख गाड्यांसाठी नवे सॉफ्टवेअर द्यावे लागले. तिथे कंपनीने काटकसर केली म्हणून हे घडले. इथे कंपनीने दिलेला इमोबिलायझर आम्ही पदरचे पैसे मोजून निकामी करतो. औदार्य कोणाचे मोठे, ते आपणच ठरवावे.

आता कारण. मे महिन्यात हिंगोलीत पारा बेचाळिसाच्या वर जातो. कार उन्हात उभी असली की स्टिअरिंगला हात लावण्याची सोय राहत नाही. तेव्हा साहेबांनी दुसऱ्या मजल्यावरून बटण दाबावे, खाली इंजिन चालू व्हावे, एसी लागावा आणि साहेब उतरेपर्यंत सीट थंडगार असावी, एवढीच माफक इच्छा. काही नव्या गाड्यांत ही सोय कंपनीच देते. तिथे दारे बंद राहतात, ठरलेल्या वेळाने इंजिन आपोआप थांबते आणि किल्लीशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. पण ज्यांची गाडी जुनी आणि हौस नवी, त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी वायरिंगवाला आहे.

वायरिंगवाल्यापुढे प्रश्न एकच असतो : साहेब वर, किल्ली साहेबांच्या खिशात, मग चिपचा नंबर सांगणार कोण? उत्तर सोपे आहे. गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली फोडायची, तिची चिप एका डबीत घालायची, डबी डॅशबोर्डखाली टेपने गुंडाळायची आणि तिथून एक तार इग्निशनच्या वेटोळ्यापर्यंत न्यायची. रिमोट दाबला की गाडीला वाटते, मालक किल्लीसह हजर आहेत. डबी उघडून ती चिप वेटोळ्याशी धरणारा कोणीही यापुढे गाडीच्या दृष्टीने मालकच. टेप बहुधा काळी असते, हे आपल्या माहितीसाठी.

यात विम्याची एक गंमत आहे. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी मालकाकडे दोन्ही मूळ किल्ल्या मागते. आमची एक किल्ली खिशात असेल. दुसरीचा मेंदू आपल्यासोबत गेलेला असेल आणि घरी तिची फुटकी कवटी उरलेली असेल. ती कवटी विमा कंपनीच्या टेबलावर ठेवून आम्ही काय सांगणार, याचा विचार आम्ही अजून केलेला नाही. आपणही करू नये.

काही धोके मात्र आपणास सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. क्लच दाबल्याशिवाय सेल लागू नये म्हणून कंपनीने दिलेला स्विच वायरिंगवाल्याने दोन तारा पिळून मोडीत काढला आहे. उतारावर गाडी पहिल्या गिअरात लावायची आमची जुनी सवय तेवढी कायम आहे. त्यामुळे वरून बटण दाबले की गाडी कधीकधी स्वतःच उडी मारते. आपण त्या वेळी बंपरपुढे वाकून नंबरप्लेट बदलत नसावे, ही काळजी. बंद शेडमध्येही थांबू नये. खिशात बटण दाबले जाते, इंजिन चालू राहते आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायदा 1988चे कलम 126 सांगते की सार्वजनिक जागी गाडी उभी असताना चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला हवा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज केलेली हवी. आमच्या सीटवर कोणी नसते, हँडब्रेकचा भरवसा नसतो आणि यंत्र तर मुद्दाम चालू केलेले असते.

वास्तविक लांबून यंत्र चालू करणे आमच्या जिल्ह्याला नवे नाही. वसमतकडे हळदीला पाणी द्यायचे, तर थ्री फेज लाइन रात्री-बेरात्री येते. अंधारात, विंचू-सापांतून विहिरीवर जाण्यापेक्षा शेतकरी घरातूनच मोबाइल लावतो आणि मोटार सुरू होते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र याच गरजेतून बनवले. त्या बटणामागे पीक असते, झोप असते, कधी जीवही असतो. आमच्या बटणामागे थंड सीट असते. त्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची केबल कापून नेणारे आपले जे बंधू आहेत, त्यांना कृपया सांगावे की कष्ट कमी आणि माल मोठा असा पर्याय आता शहरात उपलब्ध आहे.

आणखी एक. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा प्रोटॉनच्या आकाराहूनही कमी हालचाल टिपतील, असे शास्त्रज्ञ म्हणतात. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तरी जिल्ह्यात कळेल. आमच्या गाडीत कोण बसले, ते मात्र गाडीलाही कळणार नाही, अशी चोख व्यवस्था आम्ही केलेली आहे.

तरी आपण एकदा येऊन पाहणी करावी. एसी वरून लावून ठेवू.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
रिमोटप्रेमी कारमालक, हिंगोली जिल्हा

सोबत : किल्ली (डॅशबोर्डखाली, डाव्या हाताला).