झाकणकाका

अमेरिकेतल्या मराठी मंडळात माणसाची ओळख हुद्द्यावरून होत नाही, पॉटलकला तो काय आणतो त्यावरून होते. साबुदाणावड्यांच्या वहिनी, मसालेभाताचे दादा, आणि दर वेळी फक्त कागदी बश्या आणणारं ते एक जोडपं. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या आमच्या काकांची ओळख मात्र पदार्थावरून नाही, त्यावरच्या झाकणावरून पडली आहे. नोव्हेंबरात पहिलं बर्फ भुरभुरलं की काका तळघरातून स्लो कुकर वर आणतात, आणि मार्च संपेपर्यंत दर रविवारी त्यात बार्बेक्यू चिकन शिजतं. ते शिजत असताना त्या घरात कोणीही, कोणत्याही कारणाने, झाकण उचलायचं नाही. पाहुण्याचा हात नुसता ओट्याच्या दिशेने गेला तरी हॉलमधून आवाज येतो, "झाकण!" मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं खरं नाव आता कोणी लिहीत नाही.

काका मूळचे पेणचे. ऐंशीच्या दशकात इथे आले, हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या कंपनीत जन्म काढला आणि निवृत्त झाले. स्वभावाने अत्यंत उतावळे. विमानाची चाकं जमिनीला टेकायच्या आत ते पट्टा सोडून बसलेले असतात. मायक्रोवेव्हचे शेवटचे तीन सेकंद त्यांना कधी सोसलेले नाहीत. यंत्रावर ३ हा आकडा थिजलेला दिसला की समजावं, काका चहा घेऊन गेले. लग्नात दुसरं मंगलाष्टक संपायच्या आत त्यांच्या मुठीतल्या अक्षता संपतात. आणि हाच माणूस कोंबडीसाठी सहा तास थांबतो. वर त्याचा अभिमान बाळगतो. "घाई हा आपल्या लोकांचा रोग आहे," असं ते मला एकदा म्हणाले, हायवेवर एका ट्रकला उजवीकडून ओलांडताना. ज्यांच्या अंगी संयम नसतो ते तो बहुधा विजेवर चालवतात.

रविवारी बरोबर अकरा वाजता विधी सुरू होतो. तीन पौंड बोनलेस थाय. ब्रेस्टचं नाव काढायचं नाही. मांडीच्या मांसात कोलॅजेन भरपूर, मंद आचेवर त्याचं जिलेटिन होतं आणि मांस ओलसर राहतं. ब्रेस्टचा तेवढ्याच वेळात भुसा होतो. खाली कांद्याच्या चकत्या, त्यावर चिकन, वरून केचप, मोलॅसिस, ब्राउन शुगर, सफरचंदाचं व्हिनेगर, वूस्टरशर सॉस, स्मोक्ड पॅप्रिका. पाणी थेंबभरही नाही, कारण वाफ बाहेर जात नाही आणि कोंबडी स्वतःचं पाणी सोडतेच. चिकन आदल्या दिवशी फ्रीजरमधून खाली काढून पूर्ण सुटलेलं हवं. गोठलेलंच घातलं तर ते ४० ते १४० अंश फॅरनहाइटच्या पट्ट्यात, म्हणजे जंतूंची जिथे चंगळ असते तिथे, तासन्‌तास रेंगाळतं. शेवटी आतून १६५ भरलेच पाहिजेत. हे आकडे सांगताना काकांची पाठ ताठ होते आणि ते पुन्हा नोकरीत असल्यासारखे दिसू लागतात.

मग झाकण. एकदा उचललं की आतली जमलेली वाफ निघून जाते आणि शिजायला वीसेक मिनिटं जास्त लागतात, हे काका प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात. प्रत्येक नवा पाहुणा त्यावर "बिरबलाची खिचडी!" म्हणून स्वतःच हसतो. काका थांबतात, त्याचं हसणं संपू देतात आणि म्हणतात, "बिरबलाची हंडी जाळापासून लांब होती. माझी जाळाच्या मिठीत आहे."

पण झाकण न उचलणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं. काका दर दहा मिनिटांनी ओट्याशी जातात. काच वाफेने आंधळी झालेली असते. ते तिला टिचकी मारतात, थेंब ओघळतात, आणि त्या बोटभर फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहतात. सहा तास हेच. मंद आच कोंबडीला मिळते, काकांना नाही.

"रविवारी स्वयंपाक माझ्याकडे असतो," असं काका सांगतात, आणि काकू ते खोडून काढत नाहीत. कांदे काकू चिरतात. चिकनची चरबी काकू काढतात. कोलस्लॉचा कोबी काकू किसतात, बन काकू भाजतात. काकांकडे दोन कामं: अकराला बटण फिरवणं आणि पाचला दोन काटे घेऊन मांस पिंजणं. पिंजण्याचं काम मात्र ते देखणं करतात, मान्य करायला हवं. पण सहा तासांत कोंबडीने सोडलेल्या पाण्याने सॉसचं सार झालेलं असतं. काकू तो रस मुकाट्याने कढईत ओततात आणि गॅसवर दहा मिनिटांत आटवून परत घालतात. तेवढी दहा मिनिटं काका पाहुण्यांना हॉलमध्ये इतिहास सांगतात.

इतिहास असा. आयर्विंग नॅक्सन हा शिकागोचा संशोधक. त्याच्या आईचं माहेर लिथुआनियातलं विल्ना. शब्बाथच्या दिवशी काम निषिद्ध, म्हणून तिथल्या ज्यू बायका आदल्या संध्याकाळी 'चोलंत' नावाच्या कालवणाचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवायच्या, आणि निवत चाललेल्या भट्टीत ते रात्रभर शिजायचं. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनने विजेचं भांडं केलं. १९४० साली त्याला पेटंट मिळालं. पुढे कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये शिकागोच्याच प्रदर्शनात तेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने मांडलं. बायका नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या होत्या. सकाळी लावून जा, संध्याकाळी येऊन वाढा, अशी त्याची जाहिरात. "थोडक्यात, हे भांडं आपल्या शिकागोचं," काका समारोप करतात. स्वयंपाकघरात तोवर काकूंनी गॅस बंद केलेला असतो.

त्या जाहिरातीचा फायदा मात्र काकांना मिळत नाही. जानेवारी २०१८ मध्ये 'धिस इज अस' या मालिकेत एक जुनाट स्लो कुकर रात्री आपोआप पेटला आणि अख्खं घर जळालं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेत लोक आपापल्या क्रॉक-पॉटकडे संशयाने बघू लागले, आणि आमची भांडी निर्धोक आहेत असा खुलासा कंपनीला करावा लागला. काकूंनी ती मालिका रडत पाहिली होती; खुलासा पाहिला नाही. घरात कोणी नसताना ते भांडं चालू राहणार नाही, असा त्यांनी नियम केला. तेव्हापासून, माणसाला घराबाहेर पडता यावं म्हणून जन्माला आलेल्या या यंत्रापाशी काका दर रविवारी सहा तास पहारा देत बसतात.

काकूंनी भांडं घरातून का घालवलं नाही, याला कारण आहे, आणि ते त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं. हिवाळ्यात खिडक्या उघडता येत नाहीत. सुक्या मिरच्यांची फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो, आणि तिचा वास कोटांत शिरला की होळीपर्यंत निघत नाही. रविवारी त्यातून सुटका. शिवाय काका सहा तास एका जागी सापडतात.

राजम्याला मात्र त्या भांड्यात कायमची बंदी आहे, आणि इथे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. कच्च्या राजम्यातलं विष खळखळून उकळल्याशिवाय जात नाही; मंद आचेवर ते उलट वाढू शकतं. आधी वेगळा उकळून घेतला तर चालतो. पण काका म्हणतात, उकळायचाच तर मग माझं भांडं कशाला?

चिकन कसं लागतं हे सांगायचं राहिलं. चांगलं लागतं. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे २३ अंश होते, फॅरनहाइटमध्ये, म्हणजे आपल्या मापाने उणे तिशीच्या खाली. शाळा बंद, टपाल बंद. वार बुधवार असूनही काकांनी भांडं लावलं आणि पायी येण्याच्या अंतरावरच्या सगळ्यांना बोलावलं. पापण्यांवर हिम घेऊन आम्ही आत शिरलो तर दारातच गोड-आंबट, किंचित जळकट असा वास. भाजलेला बन, त्यात बोटांना चिकटणारं पिंजलेलं मांस, वर गार कोलस्लॉ. पहिला घास गिळल्यावर कानांच्या पाळ्या परत आपल्या वाटू लागल्या. गोड जरा जास्तच असतं, म्हणून मी खिशात लसणाच्या चटणीची डबी नेतो. काकांना ती दिसते. ते दुसरीकडे बघतात.

काकांना एकदाच कोणी पेचात पकडलं. त्यांचे शेजारी कॅन्सस सिटीचे. त्यांनी अदबीने एक घास खाल्ला आणि म्हणाले, की चव उत्तम आहे, पण बार्बेक्यू म्हणजे लाकूड आणि धूर. याला आमच्याकडे सॉसमध्ये उकडलेली कोंबडी म्हणतील. हॉलमध्ये शांतता पसरली. काका उठले, कपाटातून लिक्विड स्मोकची बाटली घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. लाकडाचा धूर गार करून पाण्यात उतरवलेला, हा प्रकार १८९५ मध्ये बाटलीत भरून विकायला काढला तो अर्नेस्ट राइट नावाच्या कॅन्सस सिटीच्याच औषधवाल्याने. "भांडं तुमच्या गावच्या कंपनीने विकलं, धूर तुमच्या गावाने बाटलीत भरला," काका म्हणाले. "मी फक्त दोन्ही एकत्र केलं." शेजाऱ्यांनी दुसरा बन घेतला. भांडं मघाशी 'आपल्या शिकागोचं' होतं, हे आम्ही कोणी बोललो नाही.

ती बाटली पुढे महागात पडली, पण घरातल्याच कोर्टात.

एरवी आईवडील इथे उन्हाळ्यात येतात. काकांच्या आईंना बर्फ बघायचा होता, म्हणून त्या डिसेंबरात आल्या. पहिल्याच रविवारी काकांनी त्यांना ओट्यासमोर खुर्ची दिली. "आई, ही आपली पोपटीच समज." रायगडात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी भरतात, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. पाणी नाही, आतल्या आत वाफ. काकांच्या मते तत्त्व एकच.

"आणि जाळ?" आजींनी विचारलं.

"आत आहे. विजेचा."

"उकळी?"

"येत नाही."

"मग शिजतंय कशावरून?"

काका लो आणि हायमधला फरक सांगू लागले. दोन्ही बटणं शेवटी उकळीच्या अलीकडच्या त्याच तापमानाला पोचतात, फक्त वेळ कमी-जास्त. आजींचं लक्ष बाटलीकडे होतं. त्यांनी ती हुंगली आणि झटकन नाकापासून लांब धरली.

"हे काय?"

"धूर. हिकरीच्या लाकडाचा."

"चाळीस वर्षं फुंकणीनं चूल फुंकली मी. डोळ्यांचं पाणी खळलं नाही. घरात गॅस आला, धूर गेला, तेव्हा देवापुढे साखर ठेवली. आणि तू तो विकत आणतोस? केवढ्याला?"

काकांनी डॉलरचे रुपये करून सांगितले नाहीत.

तेवढ्यात आजींनी झाकण उचललं. "झाकण!" हा शब्द काकांच्या तोंडून अर्धाच आला, "ओरडू नकोस, बघतेय," असं उत्तर मिळालं. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा बघितलं. मग चमचा घालून चाखलं, मग नातसुनेला दाखवायला म्हणून उघडलं. जेवायला साडेआठ वाजले. आजींनी पहिला घास खाऊन "मुरांब्यातली कोंबडी" असा निकाल दिला, बन बाजूला सारला, तांदळाची भाकरी आणि ठेचा मागवला, आणि नंतर दोनदा वाढून घेतलं. काका त्या दोन वेळांबद्दल अजून बोलतात; मुरांब्याबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी आजींनी विचारलं, यात दूध आटेल का? खाली लागणार नाही, ढवळत उभं राहायला नको, बासुंदीला बरं. पण कोंबडीच्या भांड्यात दूध त्या घालणार नव्हत्या. काका त्याच संध्याकाळी बर्फातून गाडी काढून दुसरा स्लो कुकर घेऊन आले. दोन्हींवर मास्किंग टेप लावून 'चिकन' आणि 'दूध' असं लिहिलं. रविवारी अकराला दोन्ही भांडी शेजारी शेजारी मांडली, दोन्ही बटणं फिरवली, दोन्ही झाकणं दोन्ही हातांनी नीट बसवली.

आजी उठल्या. त्यांनी दुधावरचं झाकण उचललं, ओट्यावर उताणं ठेवलं आणि भांड्यावर पळी आडवी टाकली.

"आई, झाकण..."

"झाकण ठेवून दूध आटतं होय रे?" आजी म्हणाल्या. "जन्मभर नोकरी कशाची केलीस तू?"