प्रतिसाद समाधानकारक

दर १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, महाराष्ट्रातली शाळकरी पोरं शासकीय आदेशाने प्रेरित होतात. वाचन प्रेरणा दिनाची ही प्रथा २०१५पासूनची. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यालाही त्यातून सूट नाही. गुरुजी लोखंडी कपाटाची किल्ली शोधतात (शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला ग्रंथालय दिलंय ना, ते हेच), धूळ झटकतात आणि गोष्ट वाचायला घेतात.

गोष्टीत एक लाघवी अस्वल असतं. ते टोपी घालून सशाच्या वाढदिवसाला जातं. घरी पावरी बोलणारी पोरं हे प्रमाण मराठीतलं अस्वल निमूट ऐकून घेतात. मग मागच्या रांगेतून एकजण विचारतो, मोहाची फुलं वेचणाऱ्यांवर धावून येतं ते हेच का? झालं! कुणाचा काका झाडावर चढलेला, कुणाच्या आजीची टोपली तिथेच राहिलेली. एकजण तर अस्वल होऊन गुरगुरत वर्गभर फिरतो. गुरुजींनाही ऐकत बसावंसं वाटतं. पण फोटो पाठवायचाय, आणि फोटोत पोरांच्या नजरा पुस्तकावर हव्यात.

‘गप्प बसा, वाचन चालू आहे!’

अहवालात लिहिलं जातं, प्रतिसाद समाधानकारक.

दिवाळी उरकली की यातली बरीच पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पुस्तकं कुठेच जात नाहीत. मार्चमध्ये साठा तपासतात, तेव्हा एकही गहाळ नसतं. त्याबद्दल शाळेचं कौतुक होतं.