बहिर्जात शिका, मोहगावात

‘बहिर्जात’ हा शब्द शिकायला प्रयोगशाळा लागत नाही. सौसर तालुक्यातलं मोहगाव हवेली पुरे. अर्धनारीश्वराचं दर्शन घ्या, चहा घ्या आणि कामाला लागा. (छिंदवाड्याच्या पूर्वेला मोहगाव कलां आहे, ते वेगळं. तिथल्या दगडांत खाडीकाठच्या निपा पामाचं जीवाश्म फळ सापडलंय. ते तिथलंच की वाहत आलेलं, हा प्रश्न नवशिक्याने अंगावर घेऊ नये.)

व्याख्या सोपी आहे. ज्या व्यवस्थेबद्दल बोलतोय तिच्या हद्दीबाहेर ज्याचा उगम, ते बहिर्जात. आत उपजलं ते अंतर्जात. नवशिका ‘उगम’ पाठ करतो नि ‘हद्द’ विसरतो. हद्द न सांगता बहिर्जात म्हणणं म्हणजे मोजणी न करता धुऱ्यावरून भांडणं. त्यात हद्दी सरकतातही. १९५६पर्यंत मोहगाव हवेलीची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. २०२३मध्ये जिल्हाही छिंदवाड्याचा पांढुर्णा झाला. गाव जागचं हललेलं नाही.

पहिला सराव संत्र्याच्या बागेत. मालकाला विचारून आत जा आणि एका झाडाचा बुंधा वाकून बघा. जमिनीपासून थोडी वर एक जाडसर गाठ दिसेल. तिच्या खालची साल एक, वरची दुसरी. खाली जंबेरी, वर संत्रा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. गाठ मातीत गेली की डिंक्या रोग आलाच समजा, म्हणून ती उघडी ठेवतात. आता सांगा, या झाडात बहिर्जात कोण? मुळांना विचाराल तर संत्रा, संत्र्याला विचाराल तर मुळं. त्यातून हा संत्राच मुळात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून नागपूरला आणवला असं सांगतात. इथे अर्धा तास डोकं खाजवावं. मालकाने “कोणाकडले पाहुणे तुम्ही?” असं विचारलं, तर मात्र उत्तरात शास्त्र आणू नये.

दुसरा सराव मधुमेही काकांच्या घरी. त्यांच्या फ्रिजमधल्या बाटलीतलं इन्सुलिन बहिर्जात, स्वादुपिंडातलं अंतर्जात. काम एकच. फरक ओळखायची युक्ती मात्र सुरेख आहे. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्या जोडीने सी-पेप्टाइड नावाचा तुकडाही रक्तात सुटतो. बाटलीतल्या औषधात तो नसतो. म्हणून सी-पेप्टाइड मोजलं की काकांचं स्वादुपिंड अजून किती राबतंय ते कळतं. सुई टोचली म्हणून काका परके होत नाहीत.

तिसरा सराव मंडीत. बहार चांगला, पाणी पुरेसं, फळ टपोरं, आणि भाव पडलेला. कारण बांगलादेशाने संत्र्यांवरचं आयात शुल्क वाढवलं. अर्थशास्त्रात याला बहिर्जात धक्का म्हणतात. बागाईतदार काय म्हणतो ते छापण्याजोगं नाही.

परतताना धुऱ्यावर गाजर गवत दिसेल. ते अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती १९५०च्या दशकात, पुण्यात. त्याला बहिर्जात म्हणायला सगळ्यांना मोठा हुरूप येतो. पण शेजारच्या वावरातली मिरची, मका, भुईमूग, तेही त्याच खंडातून आले. त्यांना कोणी शिव्या घालत नाही. उलट मिरचीचा ठेचा भाकरीवर घेऊन आपण अस्सल गावरान जेवल्याचं सांगतो. बहिर्जात म्हणजे उपद्रवी, असं उत्तर लिहाल तर शून्य गुण. उगम कुठला हा एक प्रश्न, उपद्रव किती हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

गाजर गवत दुसऱ्या प्रश्नात नापास आहे, म्हणून ते उपटायचं. फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट. हाताला फडकं गुंडाळा, नाहीतर खाज सुटते.