पाऊस आवरण्याबाबतचा अर्ज पतंगाने कसा करावा

नेपाळात दशैं असतो तेव्हा आपल्याकडे नवरात्र, दसरा आणि कोजागिरी असते. घटस्थापनेला तिथेही घरोघर जव पेरतात, दशमीला थोरांच्या हातून कपाळावर दही-तांदूळ-अबीराचा ठसठशीत टिका लावून घेतात आणि जवाचे पिवळे कोंब कानामागे खोवतात. घटातलं धान टोपीत खोवणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते गच्चीवर गेल्यावर. या पंधरा दिवसांत काठमांडूच्या गच्च्यांवरून, तिथल्या भाषेत कौसीवरून, पतंग चढतात. पतंगाला तिथे चंगा म्हणतात आणि तो कशासाठी, असं विचारलं तर घरातली वडीलधारी माणसं सांगतात की यंदापुरता पाऊस पुरे झाला, आता आवर, हे इंद्राला कळवण्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या पत्रव्यवहाराची कार्यपद्धती इच्छुक अर्जदारांच्या हाती असावी, म्हणून हे मार्गदर्शन. त्याच्या मुळाशी एकच सिद्धान्त आहे, तो आधीच सांगून टाकतो. अर्ज करण्याची याहून निर्दोष पद्धत माणसाने शोधलेली नाही, कारण मंजूर झाल्याशिवाय हा अर्ज दाखलच होत नाही.

प्रथम अर्ज कोणाच्या नावे करायचा ते पाहावं. काठमांडूच्या खोऱ्यात पाऊस मागणं आणि पाऊस आवरणं ही कामं एका टेबलावर चालत नाहीत. मागणीचा विषय राता मच्छिंद्रनाथाकडे आहे. गोरखनाथ नागांना खाली दाबून ध्यानाला बसले, बारा वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा लोकांनी त्यांच्या गुरूंना, मच्छिंद्रनाथांना, कामरूपाहून आणलं. गुरू आल्यावर शिष्याला उठून उभं राहावंच लागलं, नाग सुटले आणि पाऊस झाला, अशी तिथली कथा. नवनाथांच्या पोथीवर वाढलेल्या वाचकाला ही गुरुशिष्यांची जोडी नव्याने सांगायला नको. या नाथाचा उंच रथ पाटणमध्ये वैशाखापासून ओढतात, मग पाऊस येतो आणि असारच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे जूनच्या शेवटी, लोक चिखलात उतरून भाताची लावणी करतात आणि दही-चिउरा खातात. इथवर सगळं सुरळीत. पण वर्षाच्या पावसापैकी सुमारे ८० टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ओतल्यावर भात पिवळं पडू लागतं, आणि ज्या पाण्यासाठी रथ ओढला तेच पाणी नकोसं होतं. नाथाकडे जाऊन दिलेलं परत घ्या म्हणणं बरं दिसत नाही. म्हणून हा विषय इंद्राकडे वर्ग केला जातो.

इंद्राची निवड विचारपूर्वक झालेली दिसते. काठमांडूकरांकडे त्याची जुनी फाईल आहे. आईसाठी पारिजातकाची फुलं चोरायला तो वेषांतर करून खाली उतरला आणि लोकांनी त्याला पकडून बांधून ठेवला. पारिजातकाचं आणि इंद्राचं जुनं आहेच. आपल्या पुराणिकांनी सत्यभामेच्या अंगणात ते झाड आणलं तेव्हाही त्याच्याशी भांडण झालं होतं. इथे मात्र भांडणाऐवजी थेट अटक झाली. शेवटी आई सोडवायला आली आणि मुलाच्या सुटकेच्या बदल्यात हिवाळ्यात पिकांना दव आणि धुकं देण्याचं कबूल करून गेली. दरवर्षी इंद्रजात्रेत हनुमानढोक्यासमोर उंच लाकडी खांब उभारतात, शहरात हात पसरलेल्या इंद्राच्या मूर्ती मांडतात, आणि त्यानंतर दोनेक आठवड्यांत दशैंची घटस्थापना होते. क्रम लक्षात घ्यावा. आधी अधिकाऱ्याला त्याच्या जुन्या प्रकरणाची आठवण द्यायची, मग अर्ज सादर करायचा. ज्याच्यावर एकदा चोरीचा ठपका आला आहे असा अधिकारी अर्जदाराला नेहमीच सोयीचा असतो.

आता अर्जाचा नमुना. कागद चौकोनी आणि पातळ असावा. त्यावर काहीही लिहू नये. मजकूर सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे इंद्राला वाचनाचे कष्ट पडत नाहीत. एक उभी कामटी, तिच्यावर धनुष्यासारखी वाकवलेली दुसरी. कमानीच्या दोन्ही बाजू सारख्या वाकतात की नाही हे पाहण्यासाठी पतंग डोक्यावर टेकवून हलका दाबावा. जी बाजू ताठर वाटेल ती बोटांनी थोडी मवाळ करावी. मंगळसूत्र बांधताना एक गाठ कामट्यांच्या छेदाशी आणि दुसरी खाली, शेपटाच्या अलीकडे घ्यावी, आणि वारा बेताचा असेल तर वरचा दोरा खालच्यापेक्षा अर्धं बोट आखूड ठेवावा. ही अर्ध्या बोटाची बाब किरकोळ समजू नये. ती चुकली की अर्ज वरिष्ठांकडे न जाता गिरक्या घेत शेजारच्या पाण्याच्या टाकीवर रुजू होतो. एका अंगाला कलणाऱ्या पतंगाच्या दुसऱ्या अंगाला कागदाची चिंधी लावली की तो निःपक्षपाती होतो. लट्टाई, म्हणजे आपली फिरकी किंवा चक्री, अनुभवी माणसाकडे द्यावी, आणि मांजा सुती असावा. नायलॉनच्या मांजावर भारतात २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, तरी आपल्याकडे दर संक्रांतीला दुचाकीस्वारांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख कापले जातात. इंद्राकडे जाणाऱ्या टपालात दुसऱ्याच्या मानेची भर नको, एवढं एक वाक्य या मार्गदर्शनात थट्टेचं नाही.

अर्ज दुपारी सादर करावा. खोऱ्यात सकाळी हवा मंद असते. ऊन तापलं की बाहेरची हवा पश्चिमेकडच्या खिंडींतून आत येते आणि पतंग उचलण्याजोगा वारा मिळतो. आणि इथेच या पद्धतीचं मर्म आहे. पाऊस पडत असेल तर पातळ कागदाचा पतंग चढत नाही. तो भिजतो, खळ सुटते, कामटीपासून कागद उलगडतो आणि अर्जदार जिना उतरून चहा प्यायला जातो. म्हणजे पाऊस असताना अर्ज दाखल होत नाही, आणि ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवशी पाऊस थांबलेला असतो. आकाशात शंभर पतंग दिसले याचा अर्थ शंभर अर्ज मंजूर झाले. नामंजूर अर्जाची नोंद होण्याची सोयच या व्यवस्थेत ठेवलेली नाही. एवढी शंभर टक्के निकालाची परंपरा कुठल्याही पृथ्वीवरच्या कार्यालयाला साधलेली नाही, आणि ती साधण्यासाठी कोणाला एक आकडाही खोटा लिहावा लागत नाही.

यावर हवामानशास्त्राचा आक्षेप ठरलेला आहे. नेपाळातून मॉन्सून परतण्याची सरासरी तारीख २ ऑक्टोबर आहे. पतंग असोत वा नसोत, कोरडी हवा यायची ती येतेच. तेव्हा पतंगाने पाऊस थांबतो म्हणणं म्हणजे कोंबड्याने सूर्य उगवतो म्हणणं. आक्षेप खरा आहे, पण तो अर्जाच्या विरुद्ध जात नाही. जे होणारच आहे त्याच्यासाठी, होण्याच्या सुमारास, नम्रपणे विनंती करावी, हे तर व्यवहारज्ञान झालं. शिवाय हवामानखात्याने पतंगाला हसू नये. जर्मनीतल्या लिंडेनबर्ग वेधशाळेने १९१९ साली एकामागे एक पतंग जोडून ९,७४० मीटरपर्यंत चढवले होते, आणि विमानं व उपकरणांचे फुगे रुळेपर्यंत वरच्या हवेची खबर खाली आणण्याचं सरकारी काम पतंगच करत होते. वरून निरोप येतो हे ज्यांनी वापरून पाहिलं, त्यांनी खालून निरोप जातो यावर फार हरकत घेऊ नये. मार्कोनीनेही १९०१ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचा संदेश झेलला तो पतंगाने वर नेलेल्या तारेवर. निरोप्या म्हणून पतंगाचा दाखला चांगला आहे. प्रश्न असलाच तर फक्त पत्त्याचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड वाटतो. कोलकात्यात १७ सप्टेंबरच्या सुमारास, विश्वकर्मापूजेला, भर पावसाळ्यात पतंग उडतात आणि त्यानंतरही बंगालात पाऊस पडत राहतो. आपल्याकडे संक्रांतीला उडतात, तेव्हा थांबवायला पाऊसच नसतो. मग पतंगाचा आणि पावसाचा संबंध काय? उत्तर साधं आहे. कोलकात्याचे अर्ज विश्वकर्म्याकडे, म्हणजे बांधकाम खात्याकडे जातात. पाऊस त्या खात्याचा विषय नाही. मराठी माणसाने मात्र कालनिर्णयात चूक केली आहे. खरी गरज असते ती हस्त नक्षत्रात, परतीचा पाऊस हडग्याच्या मैदानावर आणि कापणीला आलेल्या सोयाबीनवर पडतो तेव्हा. त्या वेळी आपण हत्ती पाटावर काढून त्याच्याभोवती फेर धरतो, आणि पतंग साडेतीन महिन्यांनी, निरभ्र आकाशात, तिळगूळ खात चढवतो. मुदत उलटून गेल्यावर आलेल्या अर्जाकडे इंद्राने लक्ष दिलं नाही तर त्याला दोष देता येत नाही.

तिसऱ्या आक्षेपापाशी मात्र थोडं थांबावं लागतं. दशैं चंद्राच्या हिशेबाने येतो आणि पाऊस सूर्याच्या. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, २०२० साली अधिक मासामुळे १७ ऑक्टोबरला. एका वर्षी अर्ज पावसाच्या तोंडावर जातो, दुसऱ्या वर्षी पाऊस गेल्यावर. ही तफावत जुनीच आहे आणि आपला सिद्धान्त ती पचवतो: सण लवकर आला तर पतंग दोन दिवस कमी उडतात, उशिरा आला तर जास्त. जे पचत नाही ते २०२१ चं. त्या वर्षी दशमी १५ ऑक्टोबरला झाली, आकाश मोकळं होतं, पाऊस गेला असं मानून तराईत आणि पश्चिमेकडे लोक कापणीला लागले होते. १७ तारखेपासून पाऊस लागला. पूर आले, दरडी कोसळल्या, माणसं गेली, आणि कापून सुकायला शेतात पसरलेलं भात तिथेच पाण्यात तरंगलं. काही ठिकाणी पेंढ्यांनाच कोंब फुटले. मंजूर झालेला अर्ज नंतर रद्द करता येतो, हे कलम जुन्या कार्यपद्धतीत नव्हतं. अवेळी पावसाचे असे तडाखे ज्या गतीने वाढताहेत, ते पाहता शेतकऱ्याने पतंग गच्चीवर आणि हवामानखात्याचा इशारा मोबाइलवर, असे दोन्ही ठेवावेत. इंद्राची याला हरकत असण्याचं कारण नाही. त्याचा कारभार हल्ली त्यालाही पूर्वीइतका आवरत नसावा, आणि त्यातला बराचसा बिघाड खालून धूर सोडणाऱ्यांनी केलेला आहे.

पेच लढवण्याबद्दल नवशिक्यांच्या मनात शंका असते की दुसऱ्याचा अर्ज कापणं नैतिक आहे काय. ही शंका गैरसमजातून येते. ज्या पतंगाचा दोर आपल्या हातात आहे तो गच्चीवर परत येतोच. ती कार्यालयीन प्रत. खऱ्या अर्थाने रवाना होतो तो कापलेला पतंग. तेव्हा काटणारा हा टपाल खात्याचा विनावेतन सेवक असतो आणि ‘चंगा चेट’ अशी जी आरोळी सगळ्या गल्लीत उठते ती पोच समजावी. पतंग नंतर तीन घरं पलीकडे उतरतो आणि पोरं तो पुन्हा चढवतात, हे खरं आहे; पण स्मरणपत्र पाठवायला कुठेच मनाई नसते.

राहता राहिला शेवटचा आणि सर्वात सरळ प्रश्न. पाऊस आपोआप थांबतो हे मान्य केलं, मग अर्ज करायचाच कशाला? याचं उत्तर गोकुळात मिळतं. तिथे एका वर्षी लोकांनी कृष्णाच्या सांगण्यावरून इंद्राचा यज्ञ बंद केला. युक्तिवाद आजच्या आक्षेपकांसारखाच होता: पाऊस त्याच्या नियमाने पडतो, इंद्राला विचारायचं काय कारण? त्यावर सात दिवस काय कोसळलं आणि गोवर्धन कोणी उचलला, ते सर्वांना ठाऊक आहे. अर्जाने पाऊस थांबतो की नाही याबद्दल मतभेद असू शकतात, अर्ज न केल्याने काय होतं याचा मात्र नोंदलेला दाखला आहे. काठमांडूभोवती डोंगर हवे तेवढे आहेत, पण ते करंगळीवर पेलणारा ऐनवेळी हजर असेलच असं नाही. त्या हिशेबाने कागद, दोन कामट्या आणि सुती दोरा स्वस्त पडतो. कोजागिरीला लट्टाई गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. अर्ज पुढल्या दशैंला नव्याने करायचा असतो. आदल्या वर्षीची मंजुरी पुढे चालत नाही.