डॉजची धाव मार्गासनीपर्यंत

आमच्या काकांच्या डॉज किंग्जवेचं वय माझ्यापेक्षा जास्त आणि तब्येत काकांपेक्षा बरी. ती असते राजगडाच्या पायथ्याला, पालीत. पाली दरवाजाची वाट गडावर जायला सोपी म्हणतात, कारण तिला पायऱ्या आहेत. काकांबरोबर डॉजमधून निघणाऱ्याला अशी सोय नाही. मार्गासनीला पोचलो तर प्रवास यशस्वी समजायचा.

वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. त्यातलीच ही, असं सांगताना काका नकळत ताठ उभे राहतात.

यंदा दिवाळीत स्टार्टर मारला की नुसतंच ‘खर्रर्र’. नसरापूरच्या मिस्त्रींनी निदान केलं, "फ्लायव्हीलचे दात गेले." काकांनी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

यात दोष गाडीचा नव्हे, वयाचा. इंजिन बंद करताना ते कॉम्प्रेशनला अडून थांबतं, आणि सहा सिलिंडरचं इंजिन फिरून फिरून त्याच तीन जागी अडतं. म्हणजे स्टार्टरचा मार वर्षानुवर्षं तेवढ्याच दातांवर. बाकीचे दात कोरे करकरीत, घरातल्या काही मंडळींसारखे.

गिअरबॉक्स उतरला, क्लच उतरला. परत जसंच्या तसं बसावं म्हणून पंचची खूण करून फ्लायव्हील सुटलं आणि ते जड धूड दोघांनी अंगणात आणलं. दातांचं कडं तापवून काढायचं, एक षष्ठांश फिरवायचं आणि पुन्हा तापवून चढवायचं, म्हणजे मार खायला कोरे दात येतात. मिस्त्री भट्टी शोधायला पुण्याला निघाले होते. तेवढ्यात शेजारचे लोहारतात्या कडं बोटानं वाजवून म्हणाले, "ही तर धाव!"

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्यात तात्यांचा जन्म गेलेला. गोवऱ्यांचा गोल रचला, मध्ये कडं. काका म्हणाले, "चांगलं लाल होऊ द्या." तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की काका दोन पावलं मागे सरले. "लाल केलं तर दातांचं पाणी उतरंल. मग काय चिवडा खाणार हाय का तुमची गाडी?" बेताचं तापल्यावर चिमट्यांनी उचललेलं कडं अलगद बसलं आणि निवता निवता त्यानं फ्लायव्हीलला अशी मिठी मारली, की मिस्त्रींनी तात्यांना तंबाखू दिली. एका कारागिरानं दुसऱ्याला दिलेली ही पदवीच.

आता स्टार्टर फिरू लागला, पण इंजिन खोकून कार्बोरेटरमधून ‘फटाक्’ करायचं. काका पुलीवरची खूण बघून टायमिंग लावत होते. "खूण कारखान्याची आहे!" ते पुन्हा पुन्हा सांगत.

मिस्त्रींचा संशय त्या पुलीतल्या डँपरवर. सहा सिलिंडरांचा लांब क्रँकशाफ्ट दर स्फोटाला ओल्या लुगड्यासारखा पिळतो आणि सुटतो. एखाद्या वेगाला धक्क्यांची लय जुळली, तर झोका वाढावा तसा पीळ वाढत जातो आणि शाफ्ट तुटूही शकतो. लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं शंभरेक वर्षांपूर्वी त्यावर तोडगा काढला, शाफ्टच्या पुढच्या टोकाला डँपर बसवायचा. आमच्या डँपरमध्ये मधलं बूड आणि बाहेरचं जड कडं यांच्यात रबर. रबर म्हातारं झालं की कडं सरकतं, आणि टायमिंगची खूण कड्यावरच.

पडताळा सोपा होता. या इंजिनाच्या हेडला सहाव्या सिलिंडरवर एक छोटा बूच असतो. सहावा पिस्टन पहिल्याबरोबरच वर येतो, त्यामुळे बूच काढून आत काडी सोडली की खरं टोक कळतं. काडी म्हणून आजीची विणकामाची सुई घेतली. मिस्त्री हँडल फिरवत होते, सुई हळूहळू वर आली, थांबली. कड्यावरची खूण तीन बोटं लांब!

सात वर्षं काका कधी पेट्रोलला, कधी प्लगला, कधी मला बोल लावत आले होते. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "सुई वाकडी असेल."

आजीनं काही न बोलता सुई ओढून घेतली, पदराला पुसली आणि पुन्हा विणायला बसली.

डँपर नवं रबर भरायला पुण्याला गेला, एसटीनं. स्वेटर मला मिळाला. त्याच्या डाव्या बाहीवर तेलाची एक काळी रेघ आहे. काका म्हणतात, ती खूण मात्र बरोबर जागी आहे.