ॲनफिल्डची खबर वडूजहून

लिव्हरपूल
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि दादा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

आधी घोर मिटवते. आई, परवा तुमचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळी करून नुकती आडवी झाले होते, म्हणून धड बोलता आलं नाही. आम्ही चौघं ठणठणीत आहोत. कुणाची नोकरी गेलेली नाही. "लिव्हरपूलचं दिवाळं वाजलं" असं तुम्ही किराणा दुकानात जे ऐकलंत, ते गावाचं नाही, टीमचं. बुधवारी रात्री हॉलंडच्या पीएसव्ही टीमनं आम्हाला आमच्याच ग्राउंडवर ४-१ नं लोळवलं. शौर्य फोनवर आला नाही तो तेवढ्यासाठी. अंगात ताप नव्हता, तोंड पाडून बसला होता.

तुम्ही दृष्ट काढायला सांगितलीत, ती काढली. मीठ-मोहऱ्या-मिरच्या तव्यावर टाकल्या आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा बोंबलला की अख्खी आळी दारात आली. शेजारचे आजोबा जिना चढून विचारायला आले, काय जळलं? ह्यांनी त्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या टीमचीपण काढता का? आजोबा एव्हर्टनचे. या गावात दोन टीम आहेत, लाल आणि निळी, आणि एकाच घरात दोन्ही नांदतात, आपल्याकडं दोन भाऊ दोन पार्ट्यांत असतात तसे.

आजोबा सध्या फार खुशीत आहेत. सोमवारी मँचेस्टर युनायटेडच्या ग्राउंडवर एव्हर्टनच्या इद्रिसा गेयनं तेराव्या मिनिटाला आपल्याच मायकेल कीनच्या तोंडात मारली. समोरच्या टीमच्या नव्हे, स्वतःच्या! रेफ्रीनं लाल कार्ड दाखवून त्याला बाहेर काढलं, आणि उरलेल्या दहा जणांनी मॅच १-० नं जिंकली. हे म्हणाले, भावकीतला एक बाहेर गेला की बाकीचे नीट नांदतात, हे दादा कधीपासून सांगतायत. त्यावरून आठवलं, आबांच्या बांधाचं काय झालं? मोजणीवाले आले की पुन्हा तारीख दिली? भाऊजींना म्हणावं, बांधावर जाताना हात खिशात ठेवा, तिथं रेफ्री नसतो.

(कणीक मळून ठेवली. आता पंधरा मिनिटं माझी.)

दादांनी विचारलं होतं, "मॅच तुमच्या दाराफुडं, आन् बघतोय मी वडूजात, ह्यो काय परकार?" प्रकार असा आहे, दादा. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात या देशात फुटबॉलची मॅच टीव्हीवर थेट दाखवायची नाही, असा नियम आहे. साठच्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी बाकीच्या क्लबांना पटवलं, की मोठ्या टीमची मॅच घरबसल्या दिसली तर छोट्या गावांच्या ग्राउंडवर चिटपाखरू फिरकणार नाही. तेव्हापासून ते चालू आहे. जगात सगळीकडं ती मॅच दिसते. वडूजला दिसते, दहिवडीला दिसते, कातरखटावच्या चहाच्या टपरीवर दिसते. आमच्या घरापासून ॲनफिल्डचं ग्राउंड चालत वीस मिनिटांवर, आणि आम्हाला मात्र रेडिओ. तिकीट काढून जावं म्हटलं तर एकसष्ट हजारांचं ग्राउंड सदा भरलेलं. सभासद व्हायचं, मग सोडतीत नाव घालायचं, आणि मग म्हाडाच्या घरासारखी वाट बघायची.

नियमामागचा विचार मला तसा पटतो. छोट्याला जगवायला मोठ्यानं थोडं झाकून राहावं, यात वाईट काय? पण दादांनी जो प्रश्न केला त्याला इथं कुणाकडं उत्तर नाही. बैलगाडा शर्यती आता मोबाइलवर थेट दिसतात, म्हणून पुसेगावच्या मैदानातली गर्दी कमी झाली का? उलट घरी बघणारा पुढच्या वर्षी टेम्पो करून येतो. मी हे ड्युटीवर एका डॉक्टरांना सांगितलं. त्यांना बैलांचं जास्त आवडलं.

आणि हे न दिसणाऱ्या मॅचचं झालं. दिसणाऱ्या गोष्टींचे पैसे वेगळे. घरात थेट टीव्ही बघायचा तर परवाना लागतो, वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स. आपले वीस हजारांच्या वर. नुसता टीव्ही लावण्याचे बरं का. मॅचच्या चॅनेलांचे पैसे त्यावर. रेडिओला परवाना असायचा ते दादांना आठवत असेल, पोस्टात जाऊन भरायचे, तसलंच हे. पण गंमत पुढंच आहे. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट असेल तर परवाना ५८ पौंड ५० पेन्स! हे कळल्यापासून तुमचे चिरंजीव माळ्यावरच्या जुन्या टीव्हीची चौकशी करतायत. मी हिशेब करून दाखवला, की रंग बघायचे साडेतेरा हजार पडतात. ते म्हणाले, सध्या लाल रंग बघवतही नाही, मग पैसे कशाला?

आता टीमचं. एप्रिलमध्ये हीच टीम विसाव्यांदा चॅम्पियन झाली तेव्हा मी तुम्हाला व्हिडिओवर रस्ता दाखवला होता. या हंगामातही लीगच्या पहिल्या पाच मॅच पाचही जिंकल्या. त्यानंतर कुणी काय केलं कळत नाही. शेवटच्या बारा मॅचमध्ये नऊ हरल्या, ज्या मँचेस्टर युनायटेडला इथं जवळजवळ दहा वर्षं जिंकता आलं नव्हतं तेही ऑक्टोबरात येऊन जिंकून गेले, आणि लीगमध्ये नंबर बारावा. पेपरवाले म्हणतात, असं सत्तर वर्षांत झालं नव्हतं. मधेच रियल माद्रिदला १-० नं हरवलं, म्हणजे येत नाही असंही नाही!

इथले पंडित टीव्हीवर तासतास चिरफाड करतात, पण मला दादांचं निदान पटलं. दादा म्हणाले, "पैरा जुळला न्हाई गं." शौर्यला मी समजावलं की गाड्याला जुंपायचे दोन बैल एकमेकांच्या पळीचे लागतात, एक हिंदकेसरी आणि दुसरा नवखा असला की गाडा वाकडा जातो. क्लबनं उन्हाळ्यात चाळीस कोटींहून जास्त पौंडांची खरेदी केली. एकट्या इसाकचे साडेबारा कोटी पौंड, म्हणजे साडेचौदाशे कोटी रुपये. एवढ्यात खटाव तालुक्यातल्या प्रत्येक गोठ्यात जोडी उभी राहील असं दादा म्हणतात, मी मोजून बघितलेलं नाही. आणि हा इसाक न्यूकॅसलवर रुसून महिनाभर सरावालाच गेला नव्हता. हंगाम सुरू झाल्यावर, खरेदीच्या शेवटच्या दिवशी इकडं आला. बिनसरावाचा बैल थेट फायनलला जुंपला तर काय होणार? लीगमध्ये त्याचा अजून एक गोल नाही. विर्ट्झचाही नाही. विर्ट्झ पोरगा गुणी आहे, पण सगळं नवीन, माणसं नवीन, कुणी कुठं पळतं ते त्याला कळेपर्यंत बॉल गेलेला असतो. आणि ज्यांना हे पाठ होतं ते अलेक्झांडर-आर्नल्ड आणि लुईस दियाझ, दोघंही निघून गेले.

सलाहबद्दल घरात दोन तट आहेत. शौर्य म्हणतो बसवा त्याला. वय तेहतीस, मागं पळून येत नाही, यंदा लीगमध्ये चारच गोल. आईंचं मत मी त्याला ऐकवलं, "गेल्या साली त्येनं घर चालवलं, आता जरा दमला तर लगीच उठला का?" खरंच आहे आई. गेल्या हंगामात त्याचे लीगमध्ये २९ गोल आणि १८ गोल त्यानं दुसऱ्यांना करून दिलेले. शौर्य यावर गप्प बसला, पण पटलं नाही. दहा वर्षांच्या पोराला कालचं केलेलं कुठं दिसतं!

वॉशिंग मशीन बंद पडलं का बघून आले. चालू आहे. कपडे घरातच वाळत घालायचे, बाहेर चार वाजता अंधार.

कोझिकोडच्या काकांना माझा खास निरोप द्या. अर्जेंटिनाची मॅच कोचीला नोव्हेंबरात होणार म्हणून त्यांनी गलाईचं दुकान दोन दिवस बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि मॅचच लांबली. २०२२ च्या वर्ल्डकपला पुल्लावूरच्या नदीत मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभारला होता, त्याच्यासमोरचा काकांचा फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे. येरळेत आपण असलं काही उभं केलं तर पाणी नसल्यामुळं निदान बुडायची भीती नाही. मेस्सी १४ डिसेंबरला मुंबईत वानखेडेवर येतोय आणि भाऊजी निघालेत असं शीतल म्हणाली. जाऊ द्या त्यांना. पण खेळणार किती आणि हात हलवणार किती, हे आधी विचारून घ्या म्हणावं. कांद्याला भाव नाही, त्यात हा खर्च, असं दादा म्हणतील. तरी जाऊ द्या.

माझ्या माहेरच्यांना हे सगळं सांगायची सोय नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पाटाकडील तालमीपुढं लिव्हरपूल म्हणजे काय! दादाला, म्हणजे माझ्या भावाला, फोन केला तर म्हणतो, शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळापुढं यांचा इसाक दहा मिनिटं टिकून दाखवू दे. लग्नात तुमच्या वऱ्हाडातल्या कुणी फुटबॉलला "पोरांचा खेळ" म्हटलं होतं, ते त्यानं अजून विसरलेलं नाही. आता वडूजची माणसं रात्री साडेआठला जेवणं आवरून मॅचला बसतात, हे त्याला सांगितल्यावर तो बराच वेळ हसत होता.

गेल्या शनिवारचं मात्र सांगायचं राहिलं. नॉटिंगहॅम फॉरेस्टची मॅच, तीनची, म्हणून टीव्हीवर नाही. मी पोळ्या लाटत होते, रेडिओ चालू, आणि दादांचा फोन स्पीकरवर. वारा आमच्या बाजूचा होता. जुलैत स्पेनमध्ये मोटारीच्या अपघातात डिओगो जोटा आणि त्याचा भाऊ, दोघं एकदम गेले. जोटाचा नंबर २०, म्हणून दर मॅचला विसाव्या मिनिटाला सगळं ग्राउंड त्याचं गाणं म्हणतं. ते आधी खिडकीतून आलं, मग रेडिओवर. आणि अर्ध्या मिनिटानं तेच गाणं दादांच्या मोबाइलवरून, वडूजच्या सोप्यातून, फोनमधनं परत आमच्या ओट्यावर आलं. मागं आईंचा कुकर शिट्ट्या देत होता, कुणीतरी गेटची कडी लावली, आणि आई म्हणाल्या, "अवो, कोण गेलं त्यांच्यातलं?" दादा म्हणाले, "दोन पोरं गेली एका आईची." त्यावर आई काही बोलल्या नाहीत. माझी पोळी करपली. भोंगा वाजायच्या आत खिडकी उघडली.

त्यानंतर फॉरेस्टनं तीन गोल केले. आपला गोल झाला की खिडकीतून गलका येतो. त्यांच्या गोलांना नुसतं शांत झालं. रेडिओ ह्यांनी चिडून दुसऱ्या गोलला बंद केला. तिसरा झाल्याची खबर आम्हाला वडूजहून मिळाली.

पूर्वी दादांचा फोन म्हणजे "बरं हाय ना? पैसं लागत्यात का? घे, आईला देतो." अठरा सेकंदांत खेळ खलास. आता सलाहवर तासभर बोलतात. हे परवा जेवताना म्हणाले, "माझ्या बारावीच्या मार्कांवरसुद्धा दादा इतकं बोलले नव्हते." म्हणाले हसत, पण मग ताट तसंच घेऊन उठले आणि बाहेर थंडीत जाऊन उभे राहिले. उद्या रविवारी वेस्ट हॅमशी मॅच आहे, ती इथं टीव्हीवर दिसणार आहे. तरी फोन करा. दिसतंय म्हणून करायचा नाही असं करू नका.

आता आई, हे तुमच्यासाठी, दादांना वाचून दाखवू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन "डिसेंबरात मॅच लई हायत" म्हणून त्यांनी पुढं ढकललंय, हे शीतलनं मला सांगितलं. मी सगळं वेळापत्रक काढून बसले. १३ तारखेला ब्रायटनची मॅच, त्यानंतर थेट २० ला. मधला आठवडा रिकामा आहे. १६ ची तारीख साताऱ्याला आजच घेऊन ठेवा. पुसेगावची यात्रा आहे म्हणून नाही म्हणतील. यात्रेला भाऊजी जातील, सेवागिरी महाराजांच्या रथाला दादांच्या नावाची नोटांची माळ तेच बांधतील. डोळ्याला पट्टी असेल तर मॅच ऐकायला मी इकडून रेडिओ लावून देते.

कांदा-लसूण मसाला संपत आलाय. पाठवाल तेव्हा डबा नको, पिशवी दुहेरी करा, मागच्या वेळी ह्यांच्या सगळ्या शर्टांना वास लागला होता.

तुमची सून,
मनीषा